मॅसॅच्युसेट्सची जुनी घरे (लेखांक ६) : तुळईची साक्ष

डेडमच्या फेअरबँक्स घराला १६३७ ते १६४१ हे साल मिळाले ते कुठल्या दस्तऐवजावरून नव्हे, घराच्याच तुळयांवरून. गेल्या लेखांकातल्या या विधानावर एका वाचकाने नेमकी शंका काढली : लाकडाचे वय तेच घराचे वय कशावरून? तुळई एखाद्या मोडलेल्या घरातून आणून बसवली असेल तर? शंका रास्त आहे. इतकी रास्त, की हिंगमचे ‘ओल्ड शिप’ प्रार्थनाघर आठवडाभर थांबवून हा लेखांक तिलाच दिला आहे.

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतली माणसे लिहिण्यात कसर करणारी नव्हती. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, मयताच्या घरातल्या भांड्याकुंड्यांच्या याद्या, कोर्टातले जबाब असे सतराव्या शतकातले ढीगभर कागद आजही शाबूत आहेत. घर कधी बांधले, हे मात्र त्यांत क्वचितच सापडते. खरेदीखतात ‘राहत्या घरासह जमीन’ एवढेच असते. ते राहते घर म्हणजे आज उभे असलेले, की त्याच जागेवरचे आधीचे, याचा पत्ता कागद देत नाही. सेलमच्या जोनाथन कॉर्विनच्या घराचे तसे नाही. हाच कॉर्विन पुढे १६९२ च्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश होता. त्याने १६७५ मध्ये अर्धवट बांधलेले घर विकत घेतले आणि ते पुरे करण्यासाठी डॅनियल अँड्र्यूज या गवंड्याशी लेखी करार केला. तो करार टिकला आहे. टॉप्सफील्डच्या पाद्री जोसेफ केपनचे घर आणखी भाग्यवान, कारण तिथे सुताराने १६८३ हे साल लाकडातच कोरून ठेवले. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

कागद गप्प राहिला की घराण्यातली सांगी पुढे येते. तिची एक ठरलेली वाट आहे. मूळ पुरुष अमुक साली आला, त्याला तमुक साली जमीन मिळाली, ही नोंद खरी असते. पुढच्या पिढ्या ते साल जमिनीवरून उचलून घराला लावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू इंग्लंडात जुन्या घराण्यांची मंडळे निघाली, वंशावळी छापल्या गेल्या, घरांवर पाट्या लागल्या. कुणी मुद्दाम खोटे बोलले नाही. पण एकदा पाटीवर चढलेले साल उतरवणे फार अवघड होऊन बसले.

ते उतरवले झाडाच्या वर्षवलयांनी. समशीतोष्ण हवेतले झाड दर वर्षी खोडाभोवती एक कडे वाढवते. पाऊसपाणी चांगले झाले तर कडे रुंद, कोरडे वर्ष गेले तर अरुंद. एका प्रदेशातली एका जातीची झाडे एकच हवा सोसत असल्याने रुंद-अरुंद कड्यांचा तोच क्रम त्या सगळ्यांत उमटतो, आणि साठ-सत्तर वर्षांचा क्रम जसाच्या तसा दुसऱ्या काळात पुन्हा येत नाही. या गोष्टीचे शास्त्र केले ते ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र झाडांत सापडेल, या आशेने तो ॲरिझोनात खोडे मोजू लागला. हाती आली ती जुन्या इमारतींची सालवारी. १९२९ च्या जूनमध्ये शो लो या गावी एक जळका ओंडका सापडला. जिवंत झाडांपासून मागे जाणारी साखळी आणि प्वेब्लो अवशेषांतल्या लाकडांची सुटी साखळी, या दोन्ही त्या ओंडक्याने जोडल्या. त्याला एचएच-३९ हा क्रमांक आहे. एका लाकडाच्या तुकड्यामुळे नैर्ऋत्य अमेरिकेतली कित्येक प्राचीन वसतिस्थाने एकदम सालवार लागली.

मॅसॅच्युसेट्समध्ये काम याहून कठीण. ॲरिझोनातला दुष्काळ कड्यांत ठसठशीत उमटतो. बॉस्टनकडच्या ओलसर जंगलात वर्षावर्षांतला फरक बारीक असतो. म्हणून नमुने अधिक लागतात, कडी अधिक लागतात आणि जुळणी नुसत्या नजरेवर सोडता येत नाही, ती संख्याशास्त्राने तपासावी लागते. पूर्व मॅसॅच्युसेट्सच्या ओकची अशी भरवशाची साखळी एकविसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाली आणि ऑक्सफर्डच्या वृक्षवलय प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी तिच्या आधारे घरामागून घर तपासले. पद्धत पाहण्यासारखी आहे. पोकळ गिरमिटाने तुळईतून बोटाएवढी जाड कांडी काढतात. ती घासून गुळगुळीत केली की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कडे मोजता येते. भोक लाकडी बुचाने बंद करतात, आणि माहीत नसलेल्याला ते दिसतही नाही.

सारी मदार कांडीच्या बाहेरच्या टोकावर. तिथे साल किंवा सालीलगतचे शेवटचे कडे शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी पडले हे नक्की होते. ऋतूदेखील कळतो. ओकचे लाकूड वसंतात मोठ्या छिद्रांचे आणि उन्हाळ्यात घट्ट वाढते. शेवटचे कडे पुरे असेल तर झाड हिवाळ्यात तोडले, नुसती छिद्रांची ओळ असेल तर वसंतात. मात्र सालीखालचे पांढरे लाकूड किडे आधी खातात, आणि पुष्कळदा सुताराने चौकट करताना तेच तासून टाकलेले असते. तसे असेल तर ‘या सालानंतर केव्हातरी’ एवढेच म्हणता येते. म्हणून तज्ज्ञ घरभर फिरून एखाद्या कोपऱ्यात तासायची राहिलेली, सालीचा गोलवा टिकलेली कड शोधतात. सुताराची तेवढी हयगय सालवारीच्या कामी येते.

आता वाचकाच्या शंकेकडे. तोडलेले लाकूड वर्षानुवर्षे वाळवत ठेवले असेल, तर झाड पडण्याचे साल आणि घर उभे राहण्याचे साल यांत अंतर पडेल. पण सतराव्या शतकातला इंग्रज सुतार ओक ओलाच वापरी. वाळलेला ओक इतका टणक होतो की त्यावर हत्यार चालवणे जिवावर येते. ओल्या लाकडाला कुसू काढायचे, खोबणी पाडायच्या, सांध्यात लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि सांगाडा उभा करायचा. मग लाकूड जागच्या जागी वाळे. वाळताना ते आकसते, पिळते. बसवल्यानंतर पिळलेल्या खांबाचे सांधे पाहिले की लाकूड ओले असतानाच जोडले होते, हे कळते. तोड आणि उभारणी यांत सहसा वर्ष-दोन वर्षांपलीकडे अंतर नसते.

दुसऱ्या घरातून आणलेले लाकूड तर स्वतःच चुगली करते. त्यावर कशाच्याही उपयोगाची नसलेली रिकामी खोबण असते, खुंटीचे पोरके भोक असते. शिवाय सांगाडा आधी जमिनीवर मांडून जुळवत आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना छिन्नीने एकच रोमन आकडा कोरत, म्हणजे उभारताना घोटाळा होऊ नये. हे आकडे आजही वाचता येतात. क्रम सलग असेल तर सांगाडा एका हाताचा. सेलममधल्या एलिएझर गेडनी या जहाज बांधणाऱ्या सुताराच्या घरात हे नीट पाहता येते, कारण ते घर सजवलेले नाही. गिलावा आणि फळ्या उतरून आतली हाडे उघडी ठेवली आहेत. त्या घराचे साल १६६५. आणि एवढे सगळे करूनही एका तुळईवर निकाल देत नाहीत. खांब, तुळया, छपराचे वासे असे वेगवेगळ्या जागचे अनेक नमुने एकाच सालाशी येऊन थांबले, तरच ते साल घराचे.

निकाल लागले तेव्हा अनेक पाट्या खोट्या पडल्या. बेव्हर्लीचे बॉल्च घर १६३६ चे समजले जाई. जॉन बॉल्च हा तिथल्या अगदी पहिल्या वसाहतवाल्यांपैकी, त्याला १६३५ मध्ये जमीन मिळाली आणि १६४८ मध्ये तो वारला. घराच्या लाकडाने साल सांगितले १६७९. ज्याच्या नावाने लोक ते घर पाहायला येत, त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. सॉगसच्या बोर्डमन घराची कथा त्याहून रंगतदार होती. १६५० च्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला आणले गेले, हा खरा इतिहास. त्यांच्यासाठी १६५१ मध्ये हे घर बांधले, ही त्याला चिकटलेली दंतकथा. लाकूड निघाले १६९२ चे. न्यूबरीचे कॉफिन घर १६५४ वरून १६७८ वर आले, इप्सविचचे व्हिपल घर १६४० च्या आसपासवरून १६७७ वर, सेलमचे पिकरिंग घर १६५१ वरून १६६४ वर. डॉर्चेस्टरच्या ब्लेक घराचे १६६१ ठरले, तरी बॉस्टन शहरातले सर्वांत जुने घर हा त्याचा मान टिकला. केपनच्या घरात कोरलेले १६८३ हे साल कड्यांनी तंतोतंत खरे ठरवले, आणि पद्धतीचीही त्यात परीक्षा झाली.

या घसरणीत नुकसान झाले असे मानण्याचे कारण नाही. उलट वीस-तीस-चाळीस वर्षे पुढे सरकलेली ही साले एकत्र मांडली की एक ठळक गोष्ट दिसते : आज उभी असलेली जवळजवळ सगळी घरे १६६० ते १७०० मधली, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीची आहेत. पहिल्या पिढीची बहुतेक घरे लहान आणि घाईत उभारलेली होती. ती गेली. प्लिमथला १६२० मध्ये उतरलेल्यांनी सुरुवातीला बांधलेले एकही घर आज नाही. टिकाऊ घर मुलांनी बांधले आणि श्रेय बापाच्या नावावर जमा झाले. हा उलगडा पाटीवरच्या कुठल्याही सालापेक्षा मोलाचा आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वर्षवलयांवरून पूर्वीच्या मोसमी पावसाचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे सागवानी तुळईतही सालवारी दडलेली असते. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांचे साल निव्वळ सांगीवर उभे आहे. वाडा उतरवून लाकूड वखारीत धाडण्याआधी सालीकडची कड शाबूत असलेली एक चकती नाव-गाव लिहून बाजूला ठेवली, तर पुढे कधीतरी तिचा उपयोग होईल. एवढे विषयांतर वाचक चालवून घेतील.

पहिल्या पिढीचे म्हणून लाकडाने मान्य केलेले घर म्हणजे फेअरबँक्स. जोनाथन फेअरबँक्स यॉर्कशरहून बायको ग्रेस आणि सहा मुलांसह आला, डेडमला वसला आणि १६६८ मध्ये वारला. मधोमध विटांचे भले मोठे धुरांडे, त्याच्या दोन्ही अंगांना खाली एकेक आणि वर एकेक खोली, एवढे मूळ घर. मागची पडवी आणि दोन्ही बाजूंची पाखे नंतरची. आढे मध्यभागी खचून छप्पर घोड्याच्या पाठीसारखे झाले आहे. आत मान वर केली की मुख्य तुळई दिसते. तिला तिथे ‘समर’ म्हणतात. उन्हाळ्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. ओझ्याच्या जनावरासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दातून तो आला. माडीचे सगळे ओझे तिच्याच पाठीवर असते.

हे घर १९०४ पर्यंत आठ पिढ्या एकाच घराण्याच्या राहत्या वापरात होते आणि आजही त्याच घराण्याच्या संस्थेकडे आहे. उत्तर अमेरिकेत आजवर ज्या लाकडी सांगाड्याच्या घरांची साले वर्षवलयांनी ठरली, त्यांत याहून जुने कोणतेही नाही. डेडम बॉस्टनच्या नैर्ऋत्येला लागूनच आहे. त्या भागात राहणाऱ्या मराठी वाचकांनी घर उघडे असते त्या मोसमात एकदा जाऊन ती तुळई पाहावी. हिंगमचे प्रार्थनाघर, साल १६८१, आणि त्याचे उलट्या नावेसारखे छप्पर पुढच्या आठवड्यात.