समजून घ्या : शेअर बाजार चढतो, तेव्हा नेमके काय वाढते?

कोल्हापूर : शेअर बाजारातील तेजीची चर्चा सुरू झाली, की ‘आता पैसे गुंतवले नाहीत तर संधी हुकेल’ असे अनेकांना वाटू लागते. याच भावनेचा फायदा घेत जादा परताव्याचे आमिष दाखवले जाते. अशाच आमिषाने फसवणूक केल्याप्रकरणी ए. एस. ट्रेडर्सविरोधात २०२२ मध्ये कोल्हापुरात गुन्हा दाखल झाला.

भाव का वाढतो?

कारणे मुख्यतः दोन. कंपनीचा नफा वाढतो किंवा त्याच नफ्यासाठी लोक जास्त किंमत मोजायला तयार होतात.

फरक कसा ओळखायचा?

शेअरच्या भावाला प्रतिशेअर वार्षिक नफ्याने भागा. भाव ५०० रुपये आणि नफा २० रुपये असेल, तर ‘पीई’ २५. नफा तेवढाच राहून भाव १००० झाला, तर पीई ५०. म्हणजे कमाई तेवढीच आहे, वाढल्या त्या अपेक्षा.

अपेक्षा फसल्या तर?

१० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्सने २१,२०६ अंकांना स्पर्श केला. त्याच ऑक्टोबरमध्ये तो ८ हजारांखाली घसरला. जुनी पातळी ओलांडायला नोव्हेंबर २०१३ उजाडला.

काय लक्षात ठेवावे?

- ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज फेडायचे असेल, तर ते पैसे बाजारात नकोत. पाच-सहा वर्षे लागणार नाहीत, तेवढेच गुंतवावेत.
- सल्लागाराची नोंदणी ‘सेबी’च्या संकेतस्थळावर तपासावी.
- दरमहा ठरावीक परताव्याची हमी मिळाली, तर तिथेच थांबावे. शेअर बाजारात अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.