जंतू गेले, तरी कुंथणे का थांबत नाही?

व्याल्यानंतर काही दिवसांनी गाय वारंवार शेपटी उचलते, कुंथते, थेंब थेंब लघवी करते. प्रतिजैविकाने लघवी निवळते; कुंथणे मात्र लगेच थांबतेच असे नाही. मग औषध लागू पडले नाही असे समजून मात्रा वाढवण्याचा मोह होतो. असे का घडते, याचा काही उलगडा उंदरांवरील प्रयोगांतून होतो.

या प्रयोगांत उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरील औषध टोचतात. यकृतात त्यापासून ॲक्रोलीन हे दाहक द्रव्य तयार होते, ते लघवीतून मूत्राशयात साठते आणि आतील अस्तराला इजा करते. जंतूंचा येथे संबंधच नाही. तरीही सूज, रक्तस्राव आणि वारंवार लघवी ही लक्षणे उमटतात. ती घडवतात शरीराचेच रासायनिक दूत. इजा झालेल्या ऊतींत कॉक्स-२ हे विकर वाढते व प्रोस्टाग्लँडिने बनतात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात. ताणलेल्या अस्तरातून एटीपी बाहेर पडते. पेशीला ऊर्जा पुरवणारे हेच द्रव्य चेतातंतूंना मूत्राशय भरल्याचा निरोप देते.

सर्वांत लक्षणीय भाग पुढेच आहे. वेदना वाहून नेणारा चेतातंतू स्वतःही दाहात भर घालतो. त्याच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ पाझरते. १९३१ साली फॉन ऑयलर व गॅडम यांनी शोधलेले हे द्रव्य सूज वाढवते. ते स्वीकारणारा एनके-१ ग्राही नसलेल्या उंदरांत ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनाने चेतवूनही मूत्राशयाला सूज आली नाही. मास्ट पेशी त्यांच्यातही रिकाम्या झाल्या होत्या, हे विशेष.

अर्थात उंदराचा निष्कर्ष गाईला जसाच्या तसा लावता येत नाही. कुंथणे टिकले तर लघवीची तपासणी पुन्हा करून घेणे हाच पहिला मार्ग. संसर्ग उरलेला असू शकतो. तो नसल्यास वेदना व दाह यांवर स्वतंत्र उपचार करावा की नाही, हे पशुवैद्यक ठरवतील.

येथे एक धोका आहे. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, आणि जनावराच्या अंगातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्याचे कामही हीच प्रोस्टाग्लँडिने करतात. खच्ची केलेल्या बोकडाची वा बैलाची लघवी खड्याने पूर्ण तुंबलेली असताना घरीच वेदनाशामक टोचले, तर कळ कमी होते, जनावर शांत दिसते, आणि तेवढ्यात मूत्रपिंडाची हानी होते किंवा मूत्राशय फुटते. लघवी वाढवणारे औषधही अशा वेळी घातकच. डायक्लोफिनॅक तर गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. माणसांसाठीची कुपी गोठ्यात वापरणे हाही त्याच बंदीचा भंग ठरतो.

सकाळपासून लघवी न झालेला, पोट ताणलेला, दात खाणारा बोकड दिसला, की विस्तार कार्यकर्त्याने पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे आणि शेवटची लघवी केव्हा झाली, खुराकात धान्य किती होते व कोणते इंजेक्शन आधी दिले आहे, एवढी माहिती त्यांच्यासाठी लिहून ठेवावी.