ग्रंथिज्वर आणि आखाडा

कोल्हापुरातील गंगावेश, मोतीबाग यांसारख्या तालमींत कुमारवयीन मुले एकत्र राहून मेहनत करतात. त्यांपैकी एखाद्यास ताप, घसादुखी, मानेत गाठी व कमालीचा थकवा जाणवल्यास तो ग्रंथिज्वर असू शकतो. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. १९६४ साली शोध लागलेला एपस्टाइन-बार विषाणू हे याचे प्रमुख कारण होय. तो लाळेवाटे पसरतो, म्हणून उष्टे भांडे वापरू नये. त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. विश्रांती हाच मुख्य उपचार. या आजारात प्लीहा, म्हणजेच पाणथरी, सुजते. ताप उतरल्यावरही ती नाजूक राहते आणि क्वचित कुस्तीतील आघाताने फुटून प्राणावर बेतते. यास्तव किमान तीन आठवडे, आणि त्यानंतरही डॉक्टरांच्या संमतीशिवाय, मुलास आखाड्यात उतरवू नये. पोटाच्या डाव्या बाजूस अकस्मात तीव्र वेदना झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.