जयसिंगपूरचा पावसाळा : पर्जन्य आणि पूर

कोल्हापूर जिल्हा म्हणजे अतिवृष्टीचा प्रदेश, असा सर्वसाधारण समज आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागापुरता तो यथार्थ असला, तरी पूर्वेकडील शिरोळ तालुक्यास लावू गेल्यास फसगत होते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नावे १९१७ च्या सुमारास वसविलेली जयसिंगपूरची पेठ सह्याद्रीच्या माथ्यापासून सरळ रेषेत अदमासे ऐंशी किलोमीटर अंतरावर आहे. तेवढ्या अंतरात पर्जन्यमान किती झपाट्याने उतरते पाहा : गगनबावड्यास वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलीमीटर, कोल्हापुरास सुमारे एक हजार, आणि जयसिंगपूर परिसरात अवघे पाच-सहाशे.

याचे कारण सुपरिचित आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटाच्या भिंतीवर चढताना थंड होतात व तेथेच आपला बहुतेक भार रिता करतात. हाच प्रतिरोध पर्जन्य. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा दाबाने तापते. ती असंपृक्त असेल, तर हा तापमानवाढीचा दर किलोमीटरमागे सुमारे दहा अंश सेल्सिअस असतो. साहजिकच ढग विरू लागतात. म्हणून जून-जुलैत जयसिंगपुरास आभाळ दिवसचे दिवस भरलेले, पश्चिमेचा वारा जोराचा, परंतु पाऊस मात्र भुरभुर. सूर्यदर्शन दुर्मिळ झाल्याने दिवस-रात्रीच्या तापमानात थोडेच अंतर राहते. बाष्पीभवन मंदावते आणि अल्प पावसावरही जमिनीची ओल टिकते. नुसते पर्जन्यमापकाचे आकडे पाहणाऱ्यास ही ओल दिसत नाही.

जोरदार सरी येथे प्रायः पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना पडतात. मृगापूर्वीचा वळीव हा तापलेल्या जमिनीवरील अभिसरणाचा पाऊस होय. दुपारनंतर मेघगर्जनेसह येतो, तासाभरात ओसरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, वारे मंदावून बंगालच्या उपसागराकडील प्रभाव वाढला, की पुन्हा गडगडाटी पाऊस होतो. शेतकरी हस्त नक्षत्राकडे डोळे लावून बसतो, तो याचसाठी. काळ्या जमिनीतील रब्बीची पेरणी बव्हंशी याच ओलीवर अवलंबून असते.

मग याच तालुक्यात महापूर येतात कसे? उत्तर आकाशात नाही, नद्यांत आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन आलेली पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. कोयना आणि वारणा या त्यापूर्वीच कृष्णेत विलीन झालेल्या असतात. घाटातील एवढ्या विस्तृत पाणलोटाचा भार अशा रीतीने शिरोळ तालुक्यात एकवटतो. येथे नद्यांचा उतार अत्यल्प, वळणे पुष्कळ. कृष्णा चढलेली असल्यास पंचगंगेचे पाणी तुंबते व फुगवटा मागे सरकतो. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी गाभाऱ्यातून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक ‘दक्षिणद्वारा’च्या स्नानास गर्दी करतात, त्या वेळी माथ्यावर ऊन असले, तरी नवल नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या पुरांनी हे विदारकपणे दाखविले. कोल्हापूरनजीक राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर पोहोचले. कर्नाटकातील अलमट्टीच्या जलाशयाचा यात वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो कसाही सुटो, पाण्याचे मूळ घाटातील सलग अतिवृष्टीत आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

यास्तव जयसिंगपूरच्या पर्जन्यनोंदी पिकांच्या अभ्यासास उपयुक्त असल्या, तरी पुराच्या अभ्यासास जवळजवळ निरुपयोगी ठरतात. पुराचा अंदाज बांधावयाचा, तर गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वर व कोयनानगर येथील आदल्या दिवसांचा पाऊस, धरणांतील विसर्ग आणि संगमावरील कृष्णेची पातळी ही तिन्ही एकत्र मांडावी लागतात. पाऊस घाटात थांबला, तरी शिरोळच्या नदीकाठी पाणी त्यानंतरही काही काळ चढतच राहते, आणि उतरावयास त्याहून अधिक वेळ घेते. तोवर मळीच्या रानातील ऊस बुडूनच असतो.