शेक द्या, पण धुराला वाट ठेवा

घरात बाळंतीण असली की शिरूर अनंतपाळच्या वस्तीत काय, शेजारच्या गावात काय, रीत तीच. दार-खिडकी लावायची, बाजेखाली विस्तवाची शेगडी ठेवायची, वर ओवा-वेखंडाची धुरी द्यायची. त्यामागे आई-आजीची माया असते. शेकाने अंग मोकळं वाटतं, हेही खरं. पण बंद खोलीतला विस्तव जीव घेऊ शकतो.

गरम खोलीची ही सोय जगभर जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांच्या सार्वजनिक स्नानगृहांत एक खूप गरम खोली असे. लॅटिन भाषेत तिचं नाव ‘कॅल्डेरियम’. ‘कॅलिडस’ म्हणजे गरम, त्यावरून ते पडलं. तिची भट्टी खोलीबाहेर असे. फरशी लहान खांबांवर उचललेली असे. भट्टीची गरम हवा फरशीखालून, भिंतीतल्या पोकळ विटांतून बाहेर जाई. ऊब माणसाला मिळे, धूर मात्र आत येत नसे.

आपल्या भिक्खूसंघातही अशी खोली होती. पालीत तिला ‘जंताघर’ म्हणतात. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तिची हकिकत आहे. वैशालीत पक्वान्नांच्या जेवणामुळे भिक्खू आजारी पडू लागले. तेव्हा वैद्य जीवकाने भगवान बुद्धांकडे चंक्रमण आणि जंताघर यांची परवानगी मागितली. तथागतांनी ती दिली. पुढे आत धूर कोंडू लागला, तेव्हा धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याचीही मुभा दिली. याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. काही उद्दाम भिक्खूंनी भरपूर लाकडं पेटवली आणि दार लावून दारातच बसले. आतले भिक्खू उष्णतेने मूर्च्छित पडले. तेव्हा असं दार अडवून बसायचं नाही, असा नियमच झाला.

आज विज्ञान धोक्याचं आणखी एक कारण सांगतं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायू वाहून नेतं, ते काम तो अडवतो. निखारे लाल झाले, धूर थांबला, तरी वायू निघतच राहतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

म्हणून आम्ही सांगतो:

• पेटती शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवू नका, बाजेखाली तर नाहीच. पाणी बाहेरच्या चुलीवर तापवा.
• बाळंतिणीला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. आधी स्वतःच्या हाताला लावून पाहा.
• बाळाला धुरी देऊ नका. त्याला आईच्या अंगाची ऊब आणि कोरडे कपडे पुरेत.
• पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात शेक नकोच. बाळंतिणीला पाणी मात्र पोटभर प्यायला द्या.
• डोकं दुखणं, चक्कर, उलटी, गुंगी जाणवली तर लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

आजीला हे समजावताना तिची माया चुकीची ठरवू नका. ऊब राहू द्या, विस्तव तेवढा दाराबाहेर काढा.