कचेरींतील बुद्धिबळाचा सामना

मुंबईच्या उपनगरांतून रोज सकाळीं कचेरी गांठणाऱ्या माणसाला वेळेची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. मी विक्रोळीस राहतों. कन्नमवारनगरांतून निघावें, स्टेशन गांठावें, गाडींत उभ्यानें प्रवास करावा आणि विद्यापीठाच्या कचेरींत हजेरी लावावी, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. या क्रमांत एके दिवशीं सूचनाफलकावर एक कागद लागला: सेवकवर्गासाठीं बुद्धिबळाचा सामना होणार आहे, उपकुलसचिवांपासून शिपायापर्यंत कोणींही नांव द्यावें. मीं नांव दिलें. बुद्धिबळाच्या सामन्याचे नियम कोणते, ते तसे कां आहेत आणि त्यांनीं मला काय शिकविलें, हें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे.

आमच्या घरीं पट होता. पण वडील खेळत तो देशी डाव. देशी डावाच्या चालीरीतींत गांवोगांव थोडाफार भेद असे. तरी सामान्यतः प्यादें पहिल्या चालीसही एकच घर पुढें सरे. शह न बसलेल्या राजाला सबंध डावांत एकदां घोड्याप्रमाणें अडीच घरें उडी मारतां येई. आणि शेवटच्या ओळींत पोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरांत पोंचेल तोच मोहरा होई. आंतरराष्ट्रीय डावांत प्यादें प्रथम दोन घरें जाऊं शकतें, तें शेवटीं पोंचल्यावर आपण इच्छूं तो मोहरा, बहुधा वजीरच, होतें, आणि राजाच्या उडीच्या जागीं किल्लेकोट आहे. राजा हत्तीच्या दिशेनें दोन घरें सरकतो व हत्ती त्याच्या पलीकडल्या बाजूस येऊन बसतो, या दुहेरी चालीस किल्लेकोट म्हणतात.

देशी डावावर वाढलेल्या माणसाला हा बदल जड जातो. पण तो अशक्य नाहीं, याचा दाखला पंजाबांतील मीर सुलतानखान यानें दिला आहे. सर उमर हयातखान यांच्या पदरीं असलेला हा खेळाडू १९२९ सालीं इंग्लंडांत गेला, त्याच वर्षीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें आणि १९३२ व १९३३ सालीं तें पुन्हा मिळविलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील सामन्यांत माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्यानें हरविलें. आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं. सन्मान पोंचावयास इतका वेळ लागला. परंतु हेस्टिंग्जला पटावर बसतांना त्याला कोणाच्या सन्मानाची वाट पाहावी लागली नव्हती.

आतां सामन्याची व्यवस्था कशी असते तें पाहूं. आम्ही ३२ जण होतों. पटावरील एकंदर मोहऱ्यांइतकेच. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें म्हटलें तर ३१ फेऱ्या आणि ४९६ डाव होतात. मग विद्यापीठाच्या परीक्षा कोणीं घ्यावयाच्या? हरेल तो बाद असें ठरविलें तर पहिल्या फेरीनंतरच निम्मे लोक प्रेक्षक होतात. या अडचणींतून स्विस पद्धतीनें वाट काढली आहे. १८९५ सालीं झुरिक येथें ती प्रथम वापरण्यांत आली. या पद्धतींत कोणी बाद होत नाहीं. जयास एक गुण, बरोबरीस अर्धा. प्रत्येक फेरीनंतर सारखे, किंवा होतां होईल तों सारखे, गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात आणि त्याच दोघांची गांठ पुन्हा घालीत नाहींत. आमच्या पांच फेऱ्या झाल्या. म्हणजे अवघ्या ८० डावांत काम भागलें. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं जोडी लागते ती गुणांवरून. हुद्दा, वेतन, सेवेचीं वर्षें यांसाठीं त्या कोष्टकांत रकानाच नसतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पूर्वीं खेळाडू एकेका चालीस हवा तितका वेळ घेत आणि प्रतिस्पर्धी कंटाळून हरे. १८६१ च्या सुमारास वाळूचीं घड्याळें आलीं आणि १८८३ सालीं लंडन येथील सामन्यांत दोन घड्याळांची जोडी प्रथम वापरली गेली. आपली चाल झाली कीं आपलें घड्याळ थांबतें व समोरच्याचें चालूं लागतें. आम्हांला प्रत्येकीं २५ मिनिटें होतीं. साहेबांचा वेळ कारकुनाच्या वेळेपेक्षां मोलाचा, हा कचेरीचा अलिखित नियम त्या घड्याळाला ठाऊक नव्हता.

तिसरा नियम सर्वांत साधा आणि पाळावयास सर्वांत कठीण. चाल करण्याच्या हेतूनें ज्या मोहऱ्याला हात लावला त्याचीच चाल केली पाहिजे. मोहरा नुसता नीट बसवावयाचा असेल तर तसें आधीं सांगावें. किल्लेकोट करतांना प्रथम राजाला हात लावावयाचा. हत्तीला आधीं लावला तर त्या बाजूस किल्लेकोट करतां येत नाहीं, हत्तीचीच चाल होते. आणि प्रतिस्पर्ध्यानें हा नियम मोडला तर तक्रार करावयाची ती आपण पुढील चालीसाठीं आपला मोहरा हातीं घेण्यापूर्वीं. एकदां तो हातीं घेतला कीं तक्रारीचा हक्क संपला.

या शेवटच्या कलमानें मला अडचणींत घातलें. पहिले दोन डाव मीं जिंकले होते. तिसऱ्या फेरींत गांठ पडली ती उपकुलसचिवांशीं. माझ्या बढतीचे कागद त्या महिन्यांत त्यांच्याच मेजावर होते. डाव रंगला. माझा वजीर व उंट त्यांच्या राजावर रोखलेले होते आणि त्यांना किल्लेकोट करणें भाग होतें. त्यांनीं आधीं हत्ती उचलून राजाशेजारीं ठेवला, मग राजा उचलून पलीकडे नेला आणि घड्याळ दाबलें. नियमाप्रमाणें ती केवळ हत्तीची चाल ठरत होती आणि राजा आपल्या घरांत उघडाच राहत होता. पंच दुसऱ्या टोकाला होते. मीं हात वर करावयाचा अवकाश! माझें घड्याळ चालूं होतें. मला बढतीचे कागद आठवले. मीं घोडा हातीं घेतला, आणि बोलण्याचा हक्क तेथें संपला. तीस-पस्तीस चालींनंतर मी हरलों.

सायंकाळीं चहाच्या वेळीं ते स्वतः माझ्याकडे आले. “अहो, मीं आधीं हत्तीला हात लावला होता, हें तुमच्या ध्यानांत आलें होतें काय?”

“आलें होतें, साहेब.”

“मग तुम्ही बोललां कां नाहीं? मला तो नियम ठाऊक नव्हता. आतां पंच दुसऱ्या कोणाला सांगत होते तेव्हां कळला. आतां मीं जिंकलेला डाव माझा समजूं, कीं माझ्या खुर्चीचा?”

मजजवळ उत्तर नव्हतें. जिला मी अदब समजत होतों ती भीति होती, आणि तिनें माझ्याइतकाच त्यांचाही तोटा केला होता. मीं त्यांचा एक डाव वाढविला आणि त्या डावांतील आनंद मात्र काढून घेतला.

चौथ्या फेरींत परीक्षा विभागांतील एक शिपाई समोर आला. रोज माझ्या मेजावर फायली आणून ठेवणारा, उभ्यानेंच बोलणारा हा मनुष्य त्या दिवशीं प्रथमच माझ्यासमोर खुर्चीवर बसला. प्यादें हा शब्द फारशींतील; त्याचा अर्थ पायीं चालणारा शिपाई. इंग्रजींतील पॉन आणि कचेरींतील प्यून हे दोन शब्दही पाय या अर्थाच्या एकाच लॅटिन मुळापासून निघाले आहेत. डाव मध्यावर आला असतां माझीं बोटें घोड्यावर टेकलीं. तो हलविला तर वजीर जातो हें त्याच क्षणीं दिसलें. मीं हात मागें घेतला आणि उंट उचलला.

“साहेब, घोड्याला हात लागला,” तो म्हणाला. स्वरांत उर्मटपणा नव्हता आणि भीतीही नव्हती.

मीं उंट जागेवर ठेवला, घोडा खेळलों, वजीर गेला आणि थोड्याच चालींत डावही गेला. परंतु हा पराभव मला बोंचला नाहीं. त्यानें मला खेळाडू समजून वागविलें होतें. तोच मान मी आदल्या फेरींत दुसऱ्याला द्यावयास चुकलों होतों.

नियम लिहिलेला असला तरी तो बोलून दाखविणारें कोणी तरी लागतें, हें मोठ्या पटावरही खरें आहे. १९७६ सालीं मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या तेव्हां मोठा गदारोळ झाला. आंतरराष्ट्रीय संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष माक्स युवे यांना, स्त्री आहे म्हणून कोणासही अशा स्पर्धेंतून वगळतां येणार नाहीं, असा निर्वाळा द्यावा लागला. पुढें १९८१ सालीं त्यांनीं आशियाई महिला अजिंक्यपद मिळविलें. पटावरील समता आपोआप येत नाहीं. ती मागावी लागते व पाळावी लागते.

आमच्या सामन्यानें कचेरींतील पायऱ्या नाहींशा झाल्या असें मी म्हणणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो शिपाई नेहमीप्रमाणें फायली घेऊन आला. मीं खुर्ची पुढें केली. तो बसला नाहीं, हंसला मात्र. माझ्या बढतीच्या कागदांवर यथाकाल सही झाली. मी गप्प बसलों म्हणून ती झाली, कीं बोललों असतों तरी झाली असती, हें मला आतां कधींच कळावयाचें नाहीं.

म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंति आहे. घरीं मुलाबाळांशीं पट मांडाल तेव्हां प्रेमानें चाल परत देऊं नका आणि वडीलपणानें परत घेऊंही नका. हात लागला तर लागला म्हणावें, आणि धाकट्यानें म्हटलें तर तें ऐकावें. पुढें कचेरींत ज्याच्यासमोर बसावयाची वेळ येईल, त्याच्याशीं खरें बोलण्याची संवय मुलांना येथूनच लागेल.