डॉक्टरांची चिठ्ठी संगणकावर
ईश्वरपूरचा (पूर्वीचे इस्लामपूर) रुग्ण उपचारांसाठी कधी सांगली-मिरजेला जातो, कधी कऱ्हाडला. त्याच्या औषधांची नोंद मात्र पिशवीतल्या कागदांतच राहते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सेवेतून डिजिटल चिठ्ठी मिळते, २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आभा हा आरोग्य खात्याचा क्रमांकही मिळतो. पण दवाखाना, रुग्णालय आणि मेडिकल दुकान यांचे संगणक जोडलेले नसतील, तर चिठ्ठी छापूनच न्यावी लागते. खरी अडचण इथेच आहे. ओपीडीच्या गर्दीत टाइप करायला वेळ कुठला, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवात रक्तदाब-मधुमेहाच्या जुन्या रुग्णांपासून करावी. त्यांची औषधे वारंवार बदलत नाहीत. संगणकावरच्या चिठ्ठीचे अक्षर वाचता येते, तरी तिथल्या यादीतले शेजारचे औषध चुकून निवडले जाऊ शकते. त्यामुळे औषध घेताना नाव आणि डोस विचारून घ्याच.